कॅमेरा राहू द्या, आधी बीकन

तुम्ही दुसऱ्या वर्षाची मुलं 10 सेंटिमीटरच्या घनाएवढा हॅम, म्हणजे हौशी रेडिओचा, उपग्रह बांधायला निघाला आहात आणि कॅमेरा कोणता घ्यावा, असं विचारलंय. कॅमेरा सध्या बाजूलाच ठेवा. उपग्रहाचा आवाज खाली पोचला नाही, तर आत काय बसवलंय याला अर्थ उरत नाही.

पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलांनी बांधलेला ‘स्वयम्’ बघा. 22 जून 2016 ला इस्रोच्या पीएसएलव्ही-सी34 रॉकेटवरून गेला, वजन साधारण किलोभर. काम एकच: हॅम बँडवर इथला निरोप तिथे पोचवायचा. दिशा सांभाळायला मोटर नाही की फिरतं चाक नाही. आतला चुंबक पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी जुळतो आणि हिस्टेरेसिस रॉड (चुंबकीय धातूच्या कांड्या) उपग्रहाचं डोलणं शमवतात. त्यासाठी वीज शून्य! इतकं नेमकं डिझाइन मला फार आवडतं.

तुम्हीही मोर्समधल्या बीकनपासून, म्हणजे सतत जाणाऱ्या छोट्या ओळख-सिग्नलपासून, सुरुवात करा. बॅटरीचं व्होल्टेज आणि तापमान एवढंच पाठवा. डेटाची पॅकेट्स डीकोड होत नाहीत तेव्हाही मोर्सची टिकटिक खरखरीतून कानाला सापडते.

खरा जीव अडकतो तो अँटेनात. स्टीलच्या मेजरिंग टेपसारखी पट्टी दुमडून नायलॉनच्या दोऱ्याने बांधतात; वर गेल्यावर नायक्रोमची तार तापून दोरा जाळते आणि पट्टी ताडकन सुटते. एका टीमसोबत मी ही चाचणी केली होती. संध्याकाळी बांधलेला दोरा रात्रीत सैल पडला, तारेपासून केसभर सरकला आणि सकाळी जळलाच नाही. म्हणून बांधून दोनचार दिवस ठेवा, थंडीत ठेवा, बॅटरी उतरलेली असताना जाळून बघा. शंभरदा करा.

पण त्याआधी ऐकायला शिका. मेजरिंग टेप आणि पीव्हीसी पाइपची यागी (एका दिशेला रोखायची अँटेना), एक एसडीआर डोंगल (कॉम्प्युटरला लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर), एवढं घेऊन गच्चीवर जा. 145.825 मेगाहर्ट्झवर अंतराळ स्थानकाची पॅकेट्स मिळतात. मग 437 मेगाहर्ट्झच्या आसपासचा एखादा उपग्रह धरा. उगवताना तो मूळ फ्रिक्वेन्सीच्या जवळजवळ 10 किलोहर्ट्झ वर ऐकू येतो, मावळताना तितकाच खाली. उपग्रह डोक्यावरून जातो त्या दहाएक मिनिटांच्या पासमध्ये एका हाताने अँटेना आणि दुसऱ्याने ट्यूनिंग सांभाळताना डॉपलर, म्हणजे वेगामुळे फ्रिक्वेन्सीचं हे सरकणं, जसा समजतो, तसा पुस्तकात समजत नाही.

रेडिओवरून स्वतः सिग्नल पाठवायला मात्र डब्ल्यूपीसीचं (केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्यातल्या वायरलेस विभागाचं) लायसन्स हवं, तेव्हा निदान दोघांनी परीक्षेचा अर्ज आताच भरा. आयएआरयू या हॅम मंडळींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेकडून फ्रिक्वेन्सी ठरवून घ्यायलाही वेळ जातो. आणि पहिल्या दिवसापासून वही ठेवा; उपग्रह उडेपर्यंत तुमची बॅच कॉलेजातून बाहेर पडलेली असेल आणि पुढच्या मुलांच्या हाती तेवढीच वही असेल.