वाचकांचे प्रश्न : स्कॉच घ्यावी की बर्बन?

प्रश्न : आम्हा मित्रांत एक वाद कायम रंगतो. १२ वर्षांची ब्लेंडेड स्कॉच (अनेक व्हिस्क्यांचे मिश्रण) आणि वयाचा आकडाच नसलेली स्ट्रेट बर्बन (अमेरिकी व्हिस्की; स्ट्रेट म्हणजे किमान दोन वर्षे मुरलेली, वरून रंग-स्वाद न मिसळलेली) जवळपास एकाच किमतीला मिळत असतील, तर बर्बन कच्ची समजून सोडून द्यावी काय? पैशाच्या मानाने कोणती सरस?
— एक वाचक, जळगाव

उत्तर : वयाचा आकडा दोन्हीकडे एकाच मापाने वाचता येत नाही, आणि तुमच्या वादाचे मूळ तिथेच आहे. स्कॉच किमान ३ वर्षे स्कॉटलंडमध्येच ओकच्या पिंपात मुरावी लागते, आणि बाटलीवर १२ छापले असेल तर मिश्रणातली सर्वांत कोवळी व्हिस्कीसुद्धा १२ वर्षांची असते. पण ही पिंपे बहुतेक वेळा आधी वापरलेली असतात. त्यांतली बरीचशी बर्बन काढून घेतल्यानंतर अमेरिकेतूनच आलेली असतात. बर्बनला मात्र कायद्याने नवे, आतून जाळून काळे केलेले ओकचे पिंप लागते. नव्या माठातल्या पाण्याला पहिल्या दिवसापासून मातीचा वास लागतो, जुन्या माठात तो जाणवतही नाही. पिंपाच्या लाकडाचेही तसेच आहे. त्यात बहुतेक बर्बन जिथे बनते त्या अमेरिकेतल्या केंटकी राज्याचा उन्हाळा कडक असल्यामुळे मद्य लाकडात खोलवर शिरते, आणि पिंपातून दरवर्षी उडून जाणारा वाटा स्कॉटलंडमध्ये सुमारे २ टक्के असतो, तो तिथे जवळपास दुप्पट होतो. त्यामुळे बर्बन पाच-सहा वर्षांत लाकडाची जेवढी चव घेते, तेवढी घ्यायला स्कॉचला कितीतरी अधिक काळ लागतो. शिवाय ४ वर्षांपेक्षा कमी मुरलेल्या स्ट्रेट बर्बनवर वय छापणे बंधनकारक आहे. म्हणजे आकडा नसलेली तुमची बर्बन किमान ४ वर्षांची आहेच. तिला कच्ची म्हणणे अन्यायाचे ठरेल.

रंगावरूनही निवाडा करू नये. स्कॉचमध्ये रंगासाठी साधे कॅरमेल घालण्याची मुभा आहे, स्ट्रेट बर्बनमध्ये ती नाही.

आता किमतीविषयी. आपल्याकडची किंमत चवीपेक्षा कराची गोष्ट अधिक सांगते. आयात मद्यावर दीर्घकाळ १५० टक्के सीमाशुल्क होते. बर्बनवरचे शुल्क फेब्रुवारी २०२५ मध्ये १०० टक्क्यांवर आले. जुलै २०२५ मध्ये सह्या झालेल्या भारत-ब्रिटन करारात स्कॉचवरचे शुल्क आधी ७५ टक्क्यांवर आणि पुढे दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणण्याचे ठरले आहे. टीचर्स किंवा १०० पायपर्स यांसारख्या स्कॉच मोठ्या टाक्यांतून आणून येथे बाटलीबंद केल्या जातात, म्हणून त्या स्वस्त पडतात. आतली व्हिस्की मात्र स्कॉचच्याच नियमांत बसणारी असते. तेव्हा महाग ती उंची, हा हिशोब येथे फसतो.

माझे मत स्पष्ट आहे. तुमची मंडळी बर्फ आणि सोडा घालून पिणारी असेल, तर त्याच पैशांत बर्बन घ्यावी, कारण नव्या लाकडाची दाट चव पाणी घातल्यावरही टिकते. त्यातही ४५ ते ५० टक्के तीव्रतेची मिळाली तर ती सोडू नये. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत ४० टक्क्यांना ३०० मिलिलिटर मद्यार्क मिळतो, तर वाइल्ड टर्की १०१ सारख्या ५०.५ टक्क्यांच्या बाटलीत सुमारे ३७९. थोडे पाणी घालून सावकाश पिणाऱ्याने मात्र १२ वर्षांचीच स्कॉच घ्यावी. जुन्या पिंपात धान्याचा आणि फळांचा नाजूक गंध झाकला जात नाही, आणि तो सुखद गंध बर्बनमध्ये शोधूनही सापडायचा नाही.

प्रश्न : आमच्या शेतात मका असतो. बर्बन मक्याची असते असे वाचले. तिची गोडी मक्याचीच काय?
— एक शेतकरी वाचक, शहादा

उत्तर : बर्बनच्या धान्यात मका किमान ५१ टक्के हवाच, आणि प्रत्यक्षात तो बहुधा ७० टक्क्यांच्या आसपास असतो. परंतु मक्यातल्या पिठूळ भागाची साखर आंबवताना मद्यार्कात बदलते आणि उरलीसुरली साखर भट्टीतून वर येत नाही. आपल्याला जाणवणारी गोडी बव्हंशी पिंपाची आहे : लाकूड तापवून जाळताना त्यातल्या घटकांपासून व्हॅनिलाचा वास देणारे द्रव्य आणि जळक्या साखरेसारखा स्वाद तयार होतो. मक्याचे देणे म्हणजे मऊ, भरीव पोत. उरलेल्या धान्यात राय (गव्हासारखे एक धान्य) असेल तर जिभेला मिरीसारखी चुणचुण लागते. मेकर्स मार्क या बर्बनमध्ये रायऐवजी गहू असतो, म्हणून ती सौम्य वाटते. पहिल्यांदा बर्बन चाखणाऱ्या माणसाला मी तीच सुचवीन. थोडे मोड आणलेले जव बहुतेक बर्बनमध्ये घालतात, कारण पिठाची साखर करणारी द्रव्ये त्यात असतात. सिंगल माल्ट स्कॉच तर निव्वळ अशाच जवाची आणि एकाच डिस्टिलरीची असते.

प्रश्न : मे महिन्यात खोलीतच चाळिशीचे तापमान असते. अशा वेळी दोन व्हिस्क्या शेजारी ठेवून पारखायच्या कशा?
— एक वाचक, धुळे

उत्तर : व्हिस्की तापली की मद्यार्काची वाफच आधी नाकात जाते आणि बाकीचे गंध हरवतात, उलट बर्फाने ते दबतात. म्हणून बाटल्या थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवून थंडावा आणावा, पण पेल्यात बर्फ घालू नये. एकसारख्या, तोंडाशी निमुळत्या पेल्यांत प्रत्येकी २० मिलिलिटर घ्यावे, लेबले कागदाने झाकावीत, आणि आधी नुसता वास घेऊन मग चमचाभर पाणी घालून पुन्हा घ्यावा. पाण्याने गंध मोकळा होतो, हा फरक पहिल्याच घोटात कळतो. पीटच्या (दलदलीत वनस्पती कुजून बनलेल्या जळाऊ मातीच्या) धुरावर वाळवलेल्या जवाची, स्कॉटलंडच्या आयला बेटावरची लॅफ्रोएग किंवा अर्डबेग असेल, तर ती सर्वांत शेवटी. तो धूर पुढच्या पेल्याची चव लागू देत नाही. झणझणीत शेवभाजीचेही तसेच, म्हणून जेवण पारखून झाल्यावरच व्हावे.

प्रश्न : १२ वर्षांची बाटली कपाटात ६ वर्षे ठेवली तर ती १८ वर्षांची होते का?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : होत नाही. मुरणे पिंपातच होते. काचेत ते थांबते. बाटली उभी ठेवावी, कारण आडवी ठेवल्यास तीव्र मद्यार्क बुचाला खातो. ऊन लागणारी खिडकी टाळावी, आणि अर्ध्याहून खाली गेलेली बाटली काही महिन्यांत संपवावी, कारण आत शिरलेली हवा गंध हळूहळू मारते.