‘दीर्घ’ आणि ‘लांबलेली’ : मूल्यविधान ओळखायचं कसं?

प्रश्न : मी कोल्हापुरात एम.ए. मराठीला आहे. एका परीक्षणात मी ‘ही कादंबरी लांबलेली आहे’ असं लिहिलं. सरांनी समासात शेरा मारला, ‘हे मूल्यविधान झालं. आधार?’ पुस्तक ४८० पानांचं आहे आणि मी तेवढंच सांगत होतो. मग हे मूल्यविधान कसं? आणि परीक्षणात मूल्यविधान करूच नये का?

उत्तर : करावं, अवश्य करावं. सरांनीही आधार मागितलाय, विधान खोडायला सांगितलेलं नाही. पण तुम्ही ‘तेवढंच सांगत होतो’ म्हणता, ते मात्र खरं नाही.

‘लांबणे’ हे क्रियापद आपण कुठं कुठं वापरतो ते आठवून बघा. सभा लांबते, लग्न लांबतं, पाऊस लांबला की शेतकरी आभाळाकडं बघत बसतो. दर वेळी एक अपेक्षित वेळ असते आणि ती टळलेली असते. म्हणजे ‘लांबलेली कादंबरी’ म्हणताना, ती कुठंतरी आधीच संपायला हवी होती, असं तुम्ही धरून चाललाय. ‘४८० पानांची’ हे कुणीही पानं उलटून तपासेल. ‘दीर्घ’ म्हणायला इतर कादंबऱ्यांशी तुलना पुरते. ‘लांबलेली’मध्ये मात्र ‘किती असायला हवी होती’ हे तुमचं माप आलं, आणि ते माप तुम्ही वाचकाला दाखवलेलं नाही.

मूल्यविधान म्हणजे मोल ठरवणारं विधान. ‘मोल’ हे ‘मूल्य’चंच घरगुती रूप. मोल करायचं तर माप लागतं, म्हणून वाचताना एकच प्रश्न विचारायची सवय लावून घ्या : हे वाक्य खरं ठरायला कोणतं माप धरावं लागतंय?

या प्रश्नानं काही गमतीच्या गोष्टी हाती लागतात. पावसाळ्यात आपल्याकडं सगळ्यांच्या तोंडी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीचे आकडे असतात. ‘पंचगंगेनं धोका पातळी ओलांडली’ हे वाक्य घ्या. ‘धोका’ हा शब्द मूल्याचाच आहे, तरी हे विधान तपासता येतं. कारण माप आधीच ठरवून जाहीर झालंय : बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. ‘यंदा पाणी भयंकर आहे’ म्हटलं की मात्र प्रत्येकाचा उंबरठा वेगळा. नदीकाठच्या माणसाला ३९ फुटांनाच झोप लागत नाही. त्यामुळे नुसता शब्द बघून ‘हे मूल्यविधान, हे नाही’ अशी वाटणी करता येत नाही.

उलटही होतं. साधा रंगाचा शब्द निवाडा देऊन जातो. मार्केट यार्डात गुळाचा सौदा चालू असताना जाऊन उभे राहा. व्यापारी रव्याचा, म्हणजे गुळाच्या ढेपेचा, तुकडा काढतो, बोटांत चुरतो आणि म्हणतो, ‘पिवळा आहे.’ त्याच्या लेखी ही तारीफ असते, दर त्यावर चढतो. तोच शब्द सेंद्रिय गूळ शोधणारं गिऱ्हाईक संशयानं उच्चारतं, कारण रंग उजळायला गुऱ्हाळात हायड्रॉस पावडर घालतात हे त्याला माहीत असतं. त्याला काळपट रवाच हवा असतो. शब्द एक, रंगही एक, मोल उलटं. ‘साधी भाषा’, ‘संथ कथानक’, ‘ग्रामीण वळण’ असे शब्द परीक्षणात आले की मला हा गूळ आठवतो. लिहिणाऱ्यानं कौतुक केलंय की नाक मुरडलंय, ते मागचीपुढची चार वाक्यं वाचल्याशिवाय कळत नाही.

पण मराठीत निवाडा सगळ्यात जास्त लपतो तो क्रियापदात, आणि तिथंच आपण तो वाचायचा विसरतो, कारण शाळेपासून विशेषणांखाली रेघा मारायची सवय. हे वाक्य बघा : शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी नोकरीतल्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी ठेवण्याचा आदेश जाहीर केला. हे सरळ इतिहासाचं विधान आहे. आता फक्त शेवट बदला. ‘जाहीर करून टाकला’ : लिहिणाऱ्याला यात घाई दिसते. ‘जाहीर करून दाखवला’ : धैर्य दिसतं. ‘जाहीर करावा लागला’ : कुणाचा तरी दबाव सुचवला गेला. एकही विशेषण न वापरता तीन निवाडे झाले, आणि त्यातल्या एकालाही पुरावा जोडलेला नाही. ‘च’, ‘तर’, ‘चक्क’, ‘म्हणे’ हेही असेच. ‘त्यांनी म्हणे अभ्यास केला’ यातल्या ‘म्हणे’नं सगळा अभ्यासच पुसला. समीक्षेचं पुस्तक हातात घ्याल तेव्हा पेन्सिल क्रियापदांवर फिरवा.

आपल्या बोलीत मूल्यविधानांचा सुकाळ आहे. ‘नाद खुळा’, ‘लई भारी’, ‘जगात भारी कोल्हापुरी’. रस्सा भुरकताना आधार कोण मागतंय? ऐकणारा त्याच पंगतीत असतो, त्याच्या जिभेवर तीच चव असते. परीक्षणाचा वाचक तुमच्या पंगतीत नसतो. त्यानं कदाचित ते पुस्तक पाहिलेलंही नसतं, म्हणून माप आणि पुरावा दोन्ही त्याच्यापुढं ठेवावे लागतात.

तर ‘लांबलेली’ हा शब्द राहू द्या, तो तुमच्या वाचनातून आलाय आणि नेमका आहे. पुढं जोड द्या. तुमची कादंबरी मी वाचलेली नाही, म्हणून नमुना माझ्या मनचा : ‘कादंबरी मध्यावर लांबते. जत्रेचं वर्णन तीन प्रकरणं चालतं आणि तेवढ्या अवधीत एकाही पात्राचं काही पुढं सरकत नाही.’ यात माप आलं (पात्रांचं काही पुढं सरकायला हवं) आणि पुरावाही आला (ती तीन प्रकरणं). सरांना पटलं नाही, तर त्या तीन प्रकरणांत काय सरकतं ते त्यांना दाखवता येईल. किंवा ते म्हणतील, जत्रेच्या वर्णनाला हे माप लावूच नये, आणि मग तुमची खरी चर्चा सुरू होईल.