वाचक विचारतात : खरखरीतून वेग कसा काढतात?

प्रश्न : सौरज्वालेनंतर कोरोनातून, म्हणजे सूर्याच्या बाहेरच्या वातावरणातून, शॉक वेव्ह (धक्क्याची लाट) सुटते आणि तिचा वेग म्हणे रेडिओवरून काढतात. रेडिओवर तर नुसती खरखर येणार ना, लाट दिसतच नाही, मग वेग कशावरून?

उत्तर : खरखरच येते, पण तिची फ्रिक्वेन्सी कुठून कुठे घसरते ते बघायचं, सगळी गोम तिथेच आहे.

कोरोना म्हणजे प्लाझ्मा, सुटे इलेक्ट्रॉन. त्यांना धक्का बसला की ते ठरावीक फ्रिक्वेन्सीने हेलकावतात, त्यातून रेडिओ लहरी निघतात आणि ती फ्रिक्वेन्सी ठरते त्यांच्या दाटीवर. घन सेंटिमीटरमध्ये १० कोटी इलेक्ट्रॉन असले तर साधारण ९० मेगाहर्ट्झ, दाटी पाव झाली की फ्रिक्वेन्सी निम्मी, म्हणजे ४५. वर जावं तसा कोरोना विरळ होतो, त्यामुळे लाट चढत जाते आणि सूर उतरत जातो. ९० वरून ४५ ला यायला किती वेळ लागला ते घड्याळात बघा, तेवढ्यात किती उंची चढली ते दाटीच्या मॉडेलमधून (कुठल्या उंचीवर किती दाटी, याचा अंदाज) घ्या, भागाकार करा, झाला वेग! बहुतेकदा सेकंदाला ५०० ते २००० किलोमीटरच्या घरात येतो.

हे पहिल्यांदा लक्षात आलं ऑस्ट्रेलियात, मार्च १९४७ मध्ये. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ रुबी पेन-स्कॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एकच स्फोट आधी २०० मेगाहर्ट्झवर, मग १०० वर आणि शेवटी ६० वर मिळाला, मध्ये काही मिनिटांचं अंतर.

स्पेक्ट्रमच्या चित्रात (आडवा वेळ, उभी फ्रिक्वेन्सी) सूर्याचे रेडिओ स्फोट, म्हणजे बर्स्ट, वेगवेगळ्या प्रकारचे दिसतात. टाइप थ्री बर्स्ट म्हणजे जवळजवळ उभी रेघ, काही सेकंदांचा खेळ, ते नुसते सुसाट सुटलेले इलेक्ट्रॉन. शॉकचा टाइप टू मात्र मिनिटं-मिनिटं तिरका उतरतो आणि बऱ्याचदा जोडीने, एक पट्टा दुसऱ्याच्या दुप्पट फ्रिक्वेन्सीवर. नवखा माणूस हमखास दोन लाटा मोजतो (मीपण मोजल्यात).

आता खोट सांगतो. मॉडेल बदललं की वेग बदलतो, आणि लाट सरळ वर न जाता तिरकी गेली तर हिशोब आणखी चुकतो, म्हणून रेडिओहेलिओग्राफने (सूर्याचं रेडिओ चित्र काढणारी दुर्बीण) जागा कुठली तेही बघावं लागतं. शिवाय साधारण १० मेगाहर्ट्झच्या खाली पृथ्वीच्या वातावरणातला विद्युतभारित थर, आयनोस्फिअर, आडवा येतो, तिथून पुढचा पाठलाग १९९४ साली सोडलेल्या विंडसारख्या यानांनी करायचा.