अमर समजले जाणारे एल्फ मरू शकतात का?

फँटसी कादंबऱ्यांतील एल्फ अमर असतात असे सांगितले जाते, तरीही ते लढाईत मारले जातात, तर ही लेखकाची चूक समजायची का, असा तुमचा प्रश्न आहे. एल्फ मरू शकतात, आणि ही चूक मुळीच नाही. उंच, देखणा आणि चिरतरुण असा जो एल्फ आज कथा-कादंबऱ्यांत आणि खेळांत दिसतो, तो मुख्यतः इंग्रज लेखक जे. आर. आर. टॉल्किन यांच्या लेखनातून आलेला आहे. त्यांनी तर एल्फांच्या मरणाचे नियम इतक्या बारकाईने ठरवले होते की त्या नियमांवाचून त्यांची निम्मीअधिक कथा उभीच राहिली नसती.

त्यांच्या एल्फांना वार्धक्य मारत नाही आणि रोग त्यांना बाधत नाहीत, परंतु शरीर हाडामांसाचेच असल्यामुळे ते शस्त्राने आणि आगीने नष्ट होऊ शकते. ‘द सिल्मरिलियन’ हा १९७७ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ अशा मृत्यूंनी भरलेला आहे. त्यात फिंगोल्फिन हा एल्फांचा राजा दुष्ट शक्तींचा महाबलाढ्य अधिपती मॉर्गॉथ याला एकटाच द्वंद्वासाठी ललकारतो, त्याला सात जखमा करतो आणि अखेर त्याच्याच पायाखाली प्राण सोडतो. शस्त्राखेरीज दुःखानेही एल्फ मरू शकतो, कारण जगण्याची इच्छाच सरली तर त्याचा आत्मा शरीर सोडून जाऊ शकतो.

याचे सर्वांत हृदयद्रावक उदाहरण मिरिएल या एल्फ स्त्रीचे आहे. भरतकामात तिचा हात धरणारे कोणी नव्हते. फेआनोरला जन्म देताना तिची सगळी प्राणशक्ती त्या एका मुलात ओतली गेली आणि ती इतकी थकली की तिला जगणेच नकोसे झाले. तिचा नवरा फिन्वे याने सल्ला मागितल्यावर तिला विश्रांतीसाठी अमर भूमीतील लोरिएनच्या उद्यानात नेण्यात आले. तिथे ती झोपल्यासारखी पडून राहिली आणि तिचा आत्मा निघून गेला. मागे राहिलेले शरीर कोमेजले नाही, पण ती परतली नाही. ज्या भूमीत मृत्यू येऊच नये तिथे हे घडले, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

‘मरतात का’ एवढ्यावर थांबलो तर अर्धेच उत्तर मिळते, कारण खरा फरक मरणानंतर काय होते यात आहे. टॉल्किन यांच्या जगात माणूस मेला की त्याचा आत्मा ते जग कायमचे सोडतो, आणि तो कुठे जातो हे एल्फांनाही ठाऊक नसते. एल्फाचा आत्मा मात्र जगाशी बांधलेला असतो. त्याला मांडोसच्या दालनांत, म्हणजे मृतांचे आत्मे थांबतात त्या ठिकाणी, बोलावणे येते, तिथे तो वाट पाहतो आणि पुढे त्याला पुन्हा शरीर मिळू शकते. बोलावणे नाकारण्याची मुभाही आहे, पण असे नाकारणारे आत्मे देहाविना भटकत राहतात आणि जिवंतांना त्यांच्यापासून धोका असतो. परत आलेल्यांपैकी सर्वांत परिचित नाव ग्लोरफिंडेलचे. गोंडोलिन शहर पडले तेव्हा पळून जाणाऱ्यांना वाचवण्यासाठी तो बालरॉग या अग्निराक्षसाशी लढला आणि त्याच्यासह दरीत कोसळून मेला. हजारो वर्षांनंतर ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये कथानायक फ्रोडो जखमी असताना त्याला आपल्या घोड्यावर बसवून देणारा ग्लोरफिंडेल तोच, असे टॉल्किन यांनी आयुष्याच्या अखेरीस ठरवले. (ज्यांनी केवळ चित्रपट पाहिले आहेत त्यांना हा घोड्याचा प्रसंग आर्वेन या एल्फ स्त्रीच्या नावावर आठवेल.)

मेलेला परत येऊ शकतो या एका नियमातून केवढा पेच उभा राहतो ते पाहा. मिरिएल गेल्यावर फिन्वेला दुसरे लग्न करायचे होते. परंतु बायको केव्हाही परत येऊ शकत असेल तर नवरा विधुर ठरतो तरी कसा? वालार म्हणजे त्या जगाच्या अधिपती-शक्ती यावर विचारविनिमयाला बसल्या आणि त्यांनी लग्नाला परवानगी दिली, पण मिरिएलने पुन्हा कधीही देह धारण करायचा नाही या अटीवर. म्हणजे मुलगा आईला कायमचा मुकला. सावत्र भावांविषयी फेआनोरच्या मनात जी अढी बसली आणि त्या अढीने पुढे जो अनर्थ केला, त्याच्या मुळाशी हा निवाडा आहे. अमरत्वाचा इतक्या गंभीरपणे, घरसंसारापर्यंत नेऊन विचार केलेला मी अन्यत्र वाचलेला नाही.

याच्या उलट्या टोकाला लुथिएन आणि आर्वेन या एल्फ स्त्रिया आहेत, ज्यांनी माणसाचे मरण स्वतःहून पत्करले. सुमारे २९०० वर्षे जगलेल्या आर्वेनला तिचा मर्त्य नवरा ॲरागॉर्न याच्या मृत्युशय्येपाशीच कळते की मरण हे माणसांना मिळालेले दान असले तरी ते स्वीकारणे किती कडू आहे, आणि मरणाला भिणाऱ्या ज्यांना तिने कधीकाळी मूर्ख मानले होते त्यांची तिला कीव येते.

इतर कल्पित विश्वांत नियम वेगळे आहेत, पण तिथेही एल्फ अवध्य असल्याचे क्वचितच आढळते. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या पाचव्या आवृत्तीत एल्फ साधारण ७५० वर्षे जगतात, म्हणजे ते दीर्घायुषी आहेत, अमर नव्हेत. ‘वॉरक्राफ्ट’ या संगणकीय खेळातील नाइट एल्फांचे अमरत्व एका महावृक्षाच्या वरदानावर टिकून होते आणि युद्धात त्या वृक्षाची शक्ती खर्ची पडल्यावर ते गेले. तेव्हा कोणतीही कथा वाचताना तिच्यातील अमरत्व कशावर टिकून आहे हे आधी पाहावे, म्हणजे बहुतेक विसंगती आपोआप सुटतात.

टॉल्किन यांच्या एल्फांपुढचे शेवटचे संकट मात्र कोणत्याही शस्त्राहून मोठे आहे. युगे लोटतात तसा त्यांचा आत्मा शरीराला आतून जाळत जातो आणि ते हळूहळू विरत जाऊन सावलीसारखे उरतात. शिवाय ज्या जगाशी ते बांधलेले आहेत त्या जगालाही अंत आहे. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मॉर्गॉथ्स रिंग’ या खंडात फिन्रोड हा एल्फ राजा आणि आंद्रेथ ही मर्त्य, ज्ञानी स्त्री यांचा या विषयावर दीर्घ संवाद आहे. आमचे आयुष्य तोकडे आणि तुमचे अनंत, अशी आंद्रेथची तक्रार आहे. त्यावर फिन्रोड तिला सांगतो की मरण एल्फांच्याही वाट्याला ठेवलेले आहे, ते फक्त दूर आहे, आणि जग संपल्यावर आपले काय होणार याबद्दल एल्फांना कोणीही काहीही आश्वासन दिलेले नाही. तुमच्या प्रश्नाचे खुद्द लेखकाने दिलेले सर्वांत सखोल उत्तर तिथे आहे. तो संवाद तुम्ही जरूर वाचावा.