पूर्व परीक्षा गेली? आधी ही वही कर

यूपीएससीची पहिलीच पूर्व परीक्षा गेली, वाईट वाटणारच. दोन दिवस झोप काढ, घरी बोल. पण ‘यंदा पेपरच विचित्र होता’ हे वाक्य तोंडात बसू देऊ नकोस. मी ते दोन वर्षं घोकलं आणि दोन्ही वेळा सीसॅटमध्येच, म्हणजे पूर्व परीक्षेच्या नुसत्या पास व्हायच्या दुसऱ्या पेपरात, अडकलो. तिथे २०० पैकी ६६ मार्क पुरतात!

आता एवढंच:

- प्रश्नपत्रिका काढून प्रत्येक चुकीपुढे लिही: माहीत नव्हतं, घाईत चुकलं, की अंदाजाने ठोकलं? तीन चुकांत एका बरोबर उत्तराचे मार्क जातात. माझ्या वहीत ‘ठोकलं’चा रकानाच सगळ्यात लांब निघाला.
- लगेच क्लास बदलू नकोस. नवीन पुस्तकंही नकोत. बहुतेक जण इथेच फसतात.

मुख्य परीक्षेचं नंतर बघू. वही भरली की मला दाखव, आपण बसून बघू.