फलनाच्या क्षणी सी अर्चिनचे अंडे एवढा ऑक्सिजन घेते, तो जातो कुठे?

फलन होताच सी अर्चिन या समुद्रात राहणाऱ्या काटेरी, गोल प्राण्याच्या अंड्याचा ऑक्सिजनचा वापर एकाएकी वाढतो असे आपल्या वाचनात आले आहे. तो ऑक्सिजन कशासाठी लागतो आणि त्या सुमारास अंड्यात आणखी कोणते रासायनिक बदल होतात, असे आपण विचारले आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांच्या अपेक्षेपेक्षा वेगळे आहे: पहिल्या काही मिनिटांत घेतलेला बराचसा ऑक्सिजन श्वसनासाठी लागतच नाही, तो अंड्याभोवतीचे आवरण कडक करण्याच्या कामी येतो.

ही वाढ जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांनी १९०८ साली मोजली, तेव्हा फलित अंड्यांचा ऑक्सिजनचा वापर अफलित अंड्यांच्या सुमारे सहापट भरला. निद्रिस्त पेशी जागी झाली, तिला ऊर्जा लागू लागली, म्हणून श्वसन वाढले, असा अर्थ लावणे तेव्हा स्वाभाविकच होते. परंतु सायनाइडने मायटोकॉन्ड्रियातील (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या घटकांतील) श्वसन रोखले तरी सुरुवातीची ही उसळी थांबत नाही, आणि खरा धागा तेथेच सापडतो.

तो समजण्यासाठी आधी कॅल्शियमकडे पाहावे लागते. शुक्रपेशी चिकटताच पेशीपटलावरील विद्युत विभव उणे ७० मिलिव्होल्टच्या आसपासून काही सेकंदांत शून्याच्या वर जातो, आणि मागाहून येणाऱ्या शुक्रपेशींना तात्पुरती बंदी होते. ही बंदी जेमतेम मिनिटभर टिकते, त्यामुळे तेवढ्या अवधीत कायमचा बंदोबस्त व्हावा लागतो. शुक्रपेशी जेथे शिरली तेथून, अंड्याच्या आतल्याच साठ्यातून सुटलेल्या कॅल्शियमची लाट निघते आणि अर्ध्या मिनिटाच्या आत पलीकडच्या टोकाला पोचते. अंड्याच्या पटलालगत सुमारे १५,००० सूक्ष्म कणिका दबा धरून बसलेल्या असतात; लाट जशी पुढे सरकते तशा त्या फुटून आपला ऐवज बाहेर टाकतात.

सूक्ष्मदर्शकाखाली हे पाहण्याची संधी मिळाली तर ती सोडू नये. काचपट्टीवरील अंड्यांत पातळ केलेल्या वीर्याचा थेंब सोडावा आणि नजर एकाच अंड्यावर खिळवावी. थोड्या वेळाने त्याच्या कडेला फोड आल्यासारखी एक पातळ त्वचा सुटते, सुटण्याची ती कड अंड्याला वळसा घालत पुढे जाते, आणि बघता बघता गोलाभोवती दुसरा पारदर्शक गोल उभा राहतो. हेच फलनावरण. कितीही वेळा पाहिले तरी मला त्याचे अप्रूप वाटते.

हे आवरण सुरुवातीला मऊ असते. कणिकांतून आलेल्या विकरांपैकी ओव्होपेरॉक्सिडेज हे विकर आवरणातील प्रथिनांमधल्या टायरोसीन या अमिनो आम्लाच्या जोड्या एकमेकींना कायमच्या सांधते, आणि या कामासाठी त्याला हायड्रोजन पेरॉक्साइड लागतो. तो अंडे स्वतःच तयार करते: पटलावरील ऑक्सिडेज नावाचे एक विकर, एनएडीपीएच या इलेक्ट्रॉन वाहून नेणाऱ्या रेणूमधील इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला देऊन पेरॉक्साइड बनवते. १९७०च्या दशकात हिशेब जुळवला गेला, तेव्हा सुरुवातीच्या उसळीतील निम्म्याहून अधिक ऑक्सिजन या एकाच खात्यावर खर्ची पडतो असे दिसले. पेरॉक्साइड हे तसे पेशीला घातक रसायन. त्यापासून स्वतःचा बचाव करण्यासाठी अंड्यात ओव्होथायॉल नावाचे संयुग भरपूर साठवलेले असते. प्रयोगासाठी आवरण काढून टाकायचे असेल, तर अंड्यांचे फलन अमायनोट्रायझोल मिसळलेल्या समुद्राच्या पाण्यात करतात. त्याने ओव्होपेरॉक्सिडेज निकामी होते, आवरण मऊच राहते आणि अंडी बारीक जाळीतून गाळली की ते निघून येते.

श्वसन मुळीच वाढत नाही, असा मात्र याचा अर्थ नव्हे. ही उसळी ओसरल्यावरही ऑक्सिजनचा वापर अफलित अंड्यापेक्षा जास्तच राहतो, आणि तो खरोखर मायटोकॉन्ड्रियाचा असतो.

मिनिटभरानंतर दुसरी फळी कामाला लागते. अंडे सोडियम आत घेऊन हायड्रोजन आयन बाहेर टाकते. त्यामुळे पेशीद्रवाचा सामू (पीएच) सुमारे ६.९ वरून ७.३ पर्यंत चढतो. आकड्यांत हा फरक किरकोळ वाटतो, पण सामूची मोजपट्टी लॉगरिदमची असल्यामुळे हायड्रोजन आयनांचे प्रमाण निम्म्याहूनही कमी झालेले असते. अफलित अंडी अमोनियायुक्त पाण्यात ठेवली तर केवळ सामू वाढल्यामुळे प्रथिननिर्मिती आणि डीएनएची प्रतिकृती सुरू होते, आवरण मात्र उचलले जात नाही. कॅल्शियमचे काम आणि सामूचे काम किती वेगळे आहे, हे या प्रयोगाइतके स्वच्छ क्वचितच दिसते.

प्रथिननिर्मितीचा वेग पाच-दहा मिनिटांत वाढू लागतो. यासाठी नवा संदेशवाहक आरएनए (प्रथिन कसे बनवायचे याची सूचना नेणारा रेणू) लागत नाही. मातेने अंड्यात साठवून ठेवलेलाच वापरात येतो, म्हणून ॲक्टिनोमायसिनने नव्या आरएनएची निर्मिती थांबवली तरी हा वेग वाढतोच. अशा नव्याने बनणाऱ्या प्रथिनांवर किरणोत्सारी अमिनो आम्लाने खूण करून ब्रिटिश जीवरसायनशास्त्रज्ञ टिम हंट १९८२ साली अमेरिकेत वुड्स होल येथे ती तपासत होते. प्रथिने जेलवर वेगळी केली की प्रत्येकाचा एक पट्टा दिसतो; इतर प्रथिनांचे पट्टे वेळेगणिक गडद होत असताना एक पट्टा मात्र प्रत्येक पेशीविभाजनाच्या सुमारास फिका पडे आणि नंतर पुन्हा गडद होई. त्या प्रथिनाला सायक्लिन हे नाव मिळाले, आणि पेशीचक्राच्या नियंत्रणावरील कार्यासाठी २००१ साली दिलेल्या नोबेल पारितोषिकात हंट यांचा वाटा होता.