सांगलीत सेकंडहँड हाय-फाय घ्यायचंय. जपानी, ब्रिटिश की जर्मन?

अॅम्प्लिफायर आणि टर्नटेबल (रेकॉर्ड प्लेअर) जपानी, स्पीकर ब्रिटिश किंवा डॅनिश. सेकंडहँडमध्ये माझं मत हेच. जर्मन माल दणकट, पण पार्ट मिळवताना दम निघतो. नुसत्या देशाच्या नावावर मात्र जाऊ नका; कित्येक ब्रिटिश ब्रँडचे स्पीकर आता चीनमध्येच बनतात, आणि चांगले बनतात.

खरी गोम विजेची आहे. सेट जपानमधल्या विक्रीसाठीचा असेल तर तो १०० व्होल्टचा असतो. आपल्या २३०वर थेट लावलात की फ्यूज तरी जाणार, नाहीतर आतला ट्रान्सफॉर्मर. मागची पट्टी वाचा आणि त्यावरच्या वॅटच्या निदान दीडपट क्षमतेचा स्टेप-डाउन, म्हणजे व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर घ्या. दुकानात बहुतेक ११०वाला पुढे करतात. १००चाच मागा, नाहीतर अॅम्प उगाच तापतो.

बेल्टवर फिरणाऱ्या जुन्या टर्नटेबलला हर्ट्झही (विजेची वारंवारता) बघा. ६० हर्ट्झची पुली (मोटरवरचं बेल्टचं चाक) आपल्या ५०वर फिरली की मिनिटाला ३३⅓ऐवजी जेमतेम २७.८ फेरे होतात आणि सूर उतरून काळी दोनचा गवई पांढरी एकमध्ये गायला लागतो! क्वार्ट्झ लॉकवाल्या डायरेक्ट ड्राइव्हला (बेल्ट नाही, मोटर थेट तबकडी फिरवते आणि वेग क्वार्ट्झ स्फटिक सांभाळतो) ही भानगड नाही.

जुन्या स्पीकरची जाळी काढून कोनच्या कडेचा फोम हलकेच दाबा. चुरा झाला तर रिफोमिंगचा, म्हणजे नवा फोम बसवण्याचा खर्च किमतीतून वजा करायला सांगा. मग तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग लावा. मिरजेत खरी जवारी (तानपुऱ्याच्या तारांची घुमणारी झंकार) ऐकलेल्या कानाला स्पीकर खोटं बोलतोय का, ते लगेच कळतं.